डार्ट, व्हॅलियंट, फाल्कन: खरंच टिकाऊ होत्या की आपण टिकवल्या?

चौथा_गिअर
राम राम मंडळी. गेल्या आठवड्यात बाबांनी मला एका जाहिरातीचा फोटो पाठवला. १९७२ची डॉज डार्ट, चार दारांची, शेवाळी हिरवी, मालक आमच्यापासून ४० मैलांवर. खाली एकच ओळ: 'नुसती बघून येऊ.' बाबांचं हे वाक्य आम्ही ओळखून आहोत. याच वाक्यावर आमच्या घरात एक पियानो आला, तो आजतागायत कुणालाही वाजवता येत नाही.

बाबा आता ७७ वर्षांचे. १९७१ साली सांगलीच्या वालचंदमधून शिकून ओहायोत आले, खिशात ते सुप्रसिद्ध आठ डॉलर (सरकार तेवढेच न्यायला द्यायचं). दोन वर्षांनी ३५० डॉलरला १९६६ची प्लिमथ व्हॅलियंट घेतली आणि नऊ वर्षं चालवली. त्यांचं म्हणणं, पेट्रोल, ऑइल आणि शिव्या सोडून तिच्यात काही घातलं नाही. आईचं म्हणणं, "दर शनिवारी हे गाडीखाली. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मला यांचे फक्त पायच आठवतात."

तर या पिढीच्या छोट्या अमेरिकन गाड्या (डार्ट, व्हॅलियंट, फोर्डची फाल्कन, शेव्हरोलेची नोव्हा, रॅम्बलर) खरोखर दणकट होत्या, का हातात पैसे नव्हते म्हणून आपल्या लोकांनी त्या रेटल्या? आणि पन्नाशी उलटलेली डार्ट बघायला जायचंच झालं, तर काय काय तपासायचं?

पानपोई
पॉपकॉर्न घेऊन बसलेय. पियानोबद्दल वेगळा धागा काढा.

बोल्टनट
दणकट होत्या, निदान इंजिनाच्या बाबतीत. आणि त्याला कारणं आहेत, नुसतं गहिवरणं नाही.

क्रायसलरचं (डॉज आणि प्लिमथ त्यांच्याच) ते सहा सिलिंडरचं इंजिन १९६०च्या व्हॅलियंटबरोबर आलं. सरळ उभं नाही, ३० अंशांत एका कुशीला कललेलं. कलवलं ते बॉनेट खाली यावं म्हणून. पण त्यामुळे दुसऱ्या अंगाला जागा मोकळी झाली, तिथं लांब नळ्यांचा इनटेक मॅनिफोल्ड बसला आणि सहाही सिलिंडरना हवा-पेट्रोलचं मिश्रण बऱ्यापैकी सारखं मिळू लागलं. क्रँकशाफ्ट घडीव पोलादाचा. ब्लॉकची आखणी ॲल्युमिनियम डोळ्यांसमोर ठेवून झाली होती, १९६१ ते ६३मध्ये तसे काही निघालेही. त्याच आखणीचा ब्लॉक बिडात ओतल्यावर तो गरजेपेक्षा जास्तच भक्कम झाला.

आता एवढ्या पहिलवानाकडून काम काय घेतलं? २२५ घन इंचांच्या इंजिनातून १४५ हॉर्सपॉवर, तीही तेव्हाच्या ढिल्या मोजणीनं. म्हणजे त्याला कधी घाम फुटायची वेळच आली नाही. गाड्यांमध्ये ते १९८३पर्यंत आणि ट्रकांमध्ये १९८७पर्यंत टिकलं, ते उगीच नाही.

पमाकाकू
छोट्या गाड्या म्हणे! आमची डार्ट १६ फुटांच्या वर होती. माहेरची फियाट तिच्यापेक्षा तीन फुटांनी आखूड, आणि त्या फियाटमध्ये आम्ही नऊ जणं नरसोबाच्या वाडीला जायचो.

मी १९७७ साली डेट्रॉइटजवळ त्याच डार्टवर गाडी शिकले. पॉवर स्टिअरिंग नाही. उभ्या गाडीचं चाक फिरवायचं म्हणजे जात्यावर बसल्यासारखं. पुढचं सीट म्हणजे सलग बाकडं, वर रेक्झिन. उन्हाळ्यात बसलं की चटका, आणि साडी नेसून बसलं की घसरगुंडी. गाडी उजवीकडे वळली की मी दारापासून थेट नवऱ्यापर्यंत. लग्नाला सहा महिने झाले होते. आमचे हे उजवी वळणं जरा जोरातच घ्यायचे असा मला अजून संशय आहे.

विसूभाऊ_सिनसिनाटी
पमाकाकू, संशय कसला, आम्ही सगळेच घ्यायचो.

माझी रॅम्बलर. या धाग्यावर तिची बाजू घ्यायला कुणी नाही म्हणून लिहितो. १९५०च्या दशकात बाकीचे शेपट्या फुटलेल्या अगडबंब गाड्या विकत होते, तेव्हा अमेरिकन मोटर्सचे जॉर्ज रॉम्नी त्यांना पेट्रोल पिणारे डायनोसॉर म्हणत छोटी रॅम्बलर विकत होते. (हो, पुढे मिशिगनचे गव्हर्नर झाले तेच.) तिची खासियत म्हणजे पुढच्या सीटची पाठ पूर्ण मागे पडायची आणि मागच्या सीटला जुळून सपाट बिछाना व्हायचा. मोटेलचे पैसे वाचायचे. १९७४ साली शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं दुकान निघालं. तेव्हा आम्ही पाच जण सिनसिनाटीहून तांदूळ आणि तूरडाळ आणायला गेलो. येताना दोघे पुढे बसले, बाकीचे तिघे डाळीच्या पोत्यावर डोकं ठेवून आडवे. त्या तिघांपैकी एक पुढे मोठ्या विद्यापीठात डीन झाला, म्हणून नाव सांगत नाही.

नकारघंटा
आता जरा पाणी ओततो.

आज रस्त्यावर दिसणारी डार्ट ही वाचलेली डार्ट आहे. बाकीच्या लाखो गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, त्यांच्यावर धागे निघत नाहीत. या गाड्यांच्या मैलमापकावर आकडे किती? पाच. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. कंपनीला स्वतःलाच लाखाच्या पुढची अपेक्षा नव्हती! आज माझी साधी कोरोला २ लाख ३० हजार मैलांवर आहे आणि मी तिच्या बॉनेटखाली वर्षात दोनदासुद्धा डोकावत नाही. तेव्हा पॉइंट, प्लग, कार्ब्युरेटर, टॅपेट, दर १०-१२ हजार मैलांना सगळी पूजा मांडायची. चौथा_गिअरच्या आईंनी उत्तर आधीच दिलंय: शनिवारचे पाय.

आणि त्याच काळातल्या बाकीच्या छोट्या गाड्या का विसरता? शेव्हरोले व्हेगा: ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला आतून बिडाचे लायनर नाहीत, इंजिन तापलं की गेलं. फोर्ड पिंटो: पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे, मागून धडक बसली की आगीचा धोका, १९७८ साली सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याही 'जुन्या अमेरिकन छोट्या गाड्या'च होत्या की.

बोल्टनट
@नकारघंटा, पाच आकड्यांचा मुद्दा मान्य. पण व्हेगा-पिंटो १९७१च्या, त्या वेगळ्या जातीच्या. जपानी आणि जर्मन गाड्यांना टक्कर द्यायला हलक्या आणि स्वस्त करायच्या म्हणून घाईत काढलेल्या. धागा त्यांच्या आधीच्या पिढीबद्दल आहे. फाल्कन, कॉर्व्हेअर आणि व्हॅलियंट तिन्ही १९५९च्या शरदात बाजारात आल्या. त्यातली कॉर्व्हेअर (तिचं इंजिन मागे) सोडली तर बाकीच्या म्हणजे मोठ्या गाडीचं साधं, आखूड रूप.

दहाबारा_पाना
माझ्या आयडीचा अमेरिकन गाडीपुढे काही उपयोग नाही, तिथं सगळे इंचाचे पाने.

व्हॅलियंटचा किस्सा. १९७५च्या हिवाळ्यात रूममेटच्या ६५च्या व्हॅलियंटचं डावं मागचं चाक पंक्चर. नट सुटेना. मी पान्यावर उभा राहिलो. मग रूममेट माझ्या खांद्यांना धरून उभा राहिला. खाडकन आवाज झाला आणि स्टड तुटून बर्फात पडला. दुसरा नट, तीच कथा. मग समोरच्या घरातले एक वयस्कर गृहस्थ कॉफीचा मग घेऊन बाहेर आले, आमच्याकडे दया आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "पोरांनो, उलटा फिरवा." त्या काळी क्रायसलरच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असायचे. स्टडच्या डोक्यावर एल कोरलेला असतो. दोघेही मेकॅनिकल इंजिनिअर, एक तर सुवर्णपदकवाला.

पानपोई
सुवर्णपदक कोणाला ते लिहा.

दहाबारा_पाना
मला नाही. तेवढंच समाधान.

कुर्ला_पश्चिम
थोडं अवांतर. धागाकर्त्याचे बाबा वालचंदचे, म्हणून राहवत नाही. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायसलरशी करार करून डॉज, प्लिमथ, डेसोटो गाड्या जोडायला सुरुवात केली. फियाट नंतर आली. माझे आजोबा तिथं फिटर. तेव्हा सुटे भाग लाकडी खोक्यांतून यायचे, आणि कामगारांना रिकामी खोकी स्वस्तात मिळायची असं ते सांगत. आमच्या चाळीतल्या अर्ध्या मांडण्या अमेरिकन लाकडाच्या होत्या. आमच्या देव्हाऱ्याच्या मागच्या फळीवर 'डेट्रॉइट' असा शिक्का कालपरवापर्यंत होता.

म्हणजे बाबा डेट्रॉइटची गाडी घ्यायला निघालेत ते काही परक्या घरी नाही.

उणे_तीस
मिनेसोटातून. इंजिनाचं कौतुक पुरे, पत्र्याचं बोला.

इथं रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ पत्रा खातं. इंजिन दोन लाख मैल चालेल हो, पण ते बसवायला गाडी उरायला हवी ना! माझी पहिली गाडी (नाव घेत नाही, दोष मिठाचा होता आणि ती न धुणाऱ्या माझा) १० वर्षांची होती. चालकाच्या पायाखालचा पत्रा इतका गेला होता की रबरी मॅट उचलली की रस्ता दिसायचा. डबक्यातून गेलो की मोजे ओले. मी तिथं पोळपाट ठेवला होता. आईनं बेळगावहून पाठवलेला सागवानी पोळपाट. तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पत्रातून विचारायची, "पोळ्या गोल होतात का?"

पमाकाकू
@उणे_तीस, हसून हसून पुरेवाट. होत होत्या का गोल?

उणे_तीस
काकू, पोळ्या करायला पोळपाट कुठे उरला होता? बाटलीनं ताटावर लाटायचो. नकाशे व्हायचे.

दोन_वर्षं_ब्युनोसआयरेस
फाल्कनचा कुणी नीट उल्लेख केला नाही. फोर्डमध्ये ती गाडी रेटली रॉबर्ट मॅकनमारांनी. हो, तेच, पुढे व्हिएतनाम युद्धाच्या वेळचे संरक्षणमंत्री आणि नंतर जागतिक बँकेचे अध्यक्ष. साधी, हलकी, दुरुस्तीला सोपी. पहिल्याच वर्षी ४ लाखांहून जास्त खपली. मस्टँग म्हणून ज्या गाडीवर पोरं जीव टाकतात, तिच्या पोटात बरंचसं फाल्कनच होतं.

अमेरिकेत ती १९७०ला संपली, पण अर्जेंटिनात १९६२ ते १९९१ बनत राहिली. मी कामानिमित्त तिथं होतो तेव्हाही गल्लोगल्ली दिसायच्या. एका टॅक्सीवाल्याला मी उत्साहानं म्हटलं, काय सुंदर हिरवी फाल्कन आहे ती. तो गप्प झाला. नंतर ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं: लष्करी राजवटीत, १९७६ ते ८३, माणसं उचलून न्यायला बिननंबरच्या हिरव्या फाल्कन यायच्या. तीच गाडी, तोच दणकटपणा. तिथं त्या रंगाचं कौतुक जपून करावं.

चौथा_गिअर
हे माहीत नव्हतं. बाबांची जाहिरातही हिरवीच आहे. जरा वेळ स्क्रीनकडे बघत बसलो.

नकारघंटा
सुरक्षिततेचं राहिलं. १९७२ साली अमेरिकेत रस्त्यांवर ५४ हजारांहून अधिक माणसं गेली. चाललेल्या मैलांच्या हिशोबात आज प्रमाण त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आलंय. २००९ साली इथल्या विमा कंपन्यांच्या संस्थेनं १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची मॅलिबू समोरासमोर आदळवली होती. ती बेल एअर छोटीसुद्धा नव्हती, चांगली धिप्पाड. व्हिडिओ बाबांना दाखवा. नव्या गाडीतला चालक चालत बाहेर आला असता. जुन्या गाडीत स्टिअरिंगनं काय केलं ते बघवत नाही. 'जाड पत्रा म्हणजे सुरक्षित' हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे.

विसूभाऊ_सिनसिनाटी
@नकारघंटा, तुमचं सगळं खरं. पण ७७ वर्षांचा माणूस रविवारी सकाळी दोन मैलांवर दूध आणायला ती गाडी काढणार. त्याला आदळवायचे व्हिडिओ कशाला दाखवता? माझ्या मते मूळ प्रश्नाचं उत्तर मधलं आहे. त्या गाड्या बिघडायच्या, आणि बऱ्याचदा बिघडायच्या. पण त्यांचं बिघडणं कळायचं. पेट्रोल येतंय का? ठिणगी पडतेय का? हवा मिळतेय का? तीन प्रश्न, संपलं. आमच्यासारख्या, खिशात वीस डॉलर असलेल्या पोरांना परवडायचं ते हे. आता डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि तो कशासाठी लागला हे कळायलाच दीडशे डॉलर.

बोल्टनट
विसूभाऊंना +१. उदाहरण म्हणून बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे ठिणगीच्या कॉइलला जाणारा करंट आवरणारा भाग. बोटाएवढा चिनी मातीचा तुकडा, इंजिनाच्या मागच्या भिंतीवर स्क्रूनं बसवलेला. तो उडाला की लक्षण ठरलेलं: किल्ली फिरवून धरली की इंजिन सुरू, सोडली की लगेच बंद. कारण स्टार्टर फिरत असताना करंट त्याला वळसा घालून जातो. डार्टवाले एक जास्तीचा तुकडा कायम ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवायचे. पाच मिनिटांचं काम.

आणि स्टार्टर! १९६२पासून क्रायसलरनं आत गिअर असलेला स्टार्टर लावला. त्याचा तो वर चढत जाणारा 'न्यांऽऽव न्यांऽऽव' आवाज ज्यानं थंडीत ऐकलाय त्याला दुसऱ्या कशाशीही तो चुकायचा नाही.

पमाकाकू
आमच्या शेजारणीचं बाळ त्या आवाजानं उठायचं. सहा वाजून दहा मिनिटांनी, रोज. तीन पिढ्यांच्या शिव्या खाल्ल्यात आम्ही.

पुण्यनगरीकर
मग एवढी चांगली गाडी बंद का केली?

बोल्टनट
१९७६ला डार्ट आणि व्हॅलियंट संपवल्या आणि जागी ॲस्पेन आणि व्होलारे आणल्या. त्या अर्ध्या तयारीत बाजारात आल्या, पुढचे मडगार्ड गंजू लागले, गाड्या परत बोलवायची रांग लागली. १९८०च्या सुरुवातीला क्रायसलरला वाचवायला सरकारला दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी द्यावी लागली. फक्त ॲस्पेनमुळे कंपनी बुडायला आली असं नाही. तेल महागलं होतं आणि मोठ्या गाड्या अंगणात पडून होत्या. पण ज्या गिऱ्हाइकानं डार्टवर विश्वास ठेवून ॲस्पेन घेतली तो परत आला नाही.

आता धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न. सकाळी जा, आणि मालकाला सांगा गाडी आधी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा काहीतरी लपवतोय. रुमालात गुंडाळलेलं चुंबक न्या आणि पुढच्या मडगार्डचा चाकामागचा खालचा भाग, दारांच्या खालच्या कडा, मागच्या काचेखालचा पत्रा यावर फिरवा. चिकटलं नाही तिथं पुट्टी. डिकीतली चटई उचला, स्टेपनीखाली पाणी साचतं. पुढे शेजारच्या सीटसमोरचा गालिचा ओला असेल तर काचेखालच्या पन्हळीला भोक पडलंय, आणि ते काम किचकट.

सगळ्यात महत्त्वाचं खाली. या गाड्यांना पुढे स्प्रिंग नाहीत, लांब टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी कांबी) आहेत, आणि त्यांची मागची टोकं ज्या आडव्या तुळईत बसतात ती गंजली असेल तर रंग कितीही चकाकू दे, हात जोडून परत या. मैलमापकावर ४३ हजार दिसले तर १ लाख ४३ हजार धरून चाला.

उणे_तीस
आणि पायाखालची मॅट उचलून बघा. पोळपाट असेल तर मला कळवा.

चौथा_गिअर
शनिवारी जाऊन आलो.

मालक निवृत्त शिक्षक, गाडी त्यांच्या आईची. बॉनेट गार. मैलमापकावर ६१ हजार. किल्ली फिरवली आणि बोल्टनट म्हणतात तो 'न्यांऽऽव' झाला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त आईकडे बघितलं. आई म्हणाली, "ऐकलं, ऐकलं."

मग बाबा आत बसले. डावा पाय आपोआप कोपऱ्यात गेला आणि त्यांनी जमिनीवरचं बटण दाबलं. समोर गॅरेजच्या दारावर मोठा दिवा लागला. मला माहीतच नव्हतं की तेव्हा डिपर पायानं द्यायचे. पुन्हा दाबलं, लहान. पुन्हा मोठा. मालक म्हणाले, आईनंतर हे बटण कुणाला सापडलंच नव्हतं, आम्ही समजायचो दिवा बिघडलाय.

चुंबक तीन ठिकाणी पडलं. दारांच्या कडा ठीक, मागच्या काचेखाली पुट्टी. तेवढ्यावर बाबा थांबले असते तर ते बाबा कसले. मालकानं जुना गालिचा दिला, बाबा त्यावर आडवे झाले आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले. आम्हाला फक्त पाय दिसत होते. आईनं फोटो काढला. बाहेर काढायला मी आणि मालक असे दोघे लागलो.

शर्ट झटकत म्हणाले, "डावीकडची तुळई गेलीय. तुझ्या त्या बोल्टनटना सांग." मालकाला मात्र सांगितलं की इंजिन अजून वीस वर्षं दगा देणार नाही, पत्र्याचं काम करणारा चांगला माणूस शोधा, आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये तो मातीचा तुकडा ठेवा. तो आधीपासूनच होता, मालकाच्या आईनं ठेवलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून.

नकारघंटा
शहाणा माणूस. बाबांना माझा नमस्कार.

चौथा_गिअर
नमस्कार आत्ताच पोचवायला गेलो होतो. ते फोनवर बोलत होते. नवीन जाहिरात आलीय, ॲरिझोनातली १९७४ची व्हॅलियंट. तिकडे मीठ नसतं म्हणे. १,९०० मैल. 'नुसती बघून येऊ.'

पानपोई
पियानो विका. जागा लागेल.